परत फिरायची वेळ

एंटर दाबण्याआधी मावशी उजव्या हाताचं बोट पदराला पुसत. बोट कोरडंच असायचं. मग कळ हळूच दाबायची, आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली की माझ्याकडे वळून विचारायचं, "ताका कित्याक राग आयलो, सर?"

पेडण्याच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर माझा संगणकाचा वर्ग आहे. तिथे बहुतेक कॉलेजची मुलं. त्यांत या पन्नाशीच्या बाई, केरीहून बसने येणाऱ्या. मुलं त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी आयुष्यभर नदीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचल्या होत्या. मी शहाणपणा करून त्यांना टायपिंगच्या तुकडीत बसवलं. त्या उठून आल्या. "माका प्रोग्राम शिकूक जाय."

कारण ऐकल्यावर मी मुकाट्याने जागा बदलून दिली. त्यांची जाऊ आणि शेजारच्या तिघी ओहोटीला नदीच्या मधल्या रेतीवर वेचायला जात. पाणी उलटं फिरलं की परतीची वाट बुडते. कधी जायचं, कधी निघायचं, ते मावशीच सांगत. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पण आता आठवड्यातून तीन दिवस त्यांना डायलिसिसला जावं लागे. "हांव थंय खाटीर. ह्यांकां कोण सांगतलो?"

मी म्हटलं, मोबाइलवर भरती-ओहोटी दिसते की. त्यांनी कीव आल्यासारखं पाहिलं. "ती मुरगावच्या बंदराची. आमची न्हंय मागीर परतता." बंदरातलं पाणी फिरलं की बऱ्याच वेळाने त्यांची नदी फिरते, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही कधी हे शिकला असाल तर ठाऊक असेल, पहिले दोन महिने माणूस संगणकाकडून नुसता पाणउतारा करून घेतो. कंस राहिला, जागा कमी पडली, चूक तुमचीच. एकदा सरावाला मावशींनी यंत्राला तिथी विचारायला आणि तिची दुप्पट करायला सांगितलं, तर आठाचे सोळा न होता अठ्ठ्याऐंशी झाले.

"यंत्राने ते अक्षर धरलंय, मावशी. आकडा आहे असं सांगावं लागतं."

"आठ आकडो न्हय तर कितें?"

त्या दुपारभर रुसल्या आणि मीही चिडलो. दुसऱ्या खेपेला आल्या त्या ती ओळ वहीत दहा वेळा लिहूनच. पुनवेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची, हे तर त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. "हें बी सांगूक जाय?" सगळंच सांगावं लागतं. मला स्वतःला हे कळायला कितीतरी वर्षं लागली होती.

अखेर एक दिवस उत्तर आलं, ओहोटी बाराला. मी खूश. मावशींचं तोंड तसंच.

"ओहोटी नाका. परत केन्ना फिरपाचें तें सांगूक जाय."

ओहोटीला तिसऱ्या सगळ्यात जास्त मिळतात, तेव्हा कुणी मान वर करत नाही, असं त्या म्हणाल्या. इतकी वर्षं मुलांना शिकवतोय, पण उत्तर कुणाला हवंय हे मी कधी विचारलं नव्हतं. मग आम्ही ओहोटीच्या वेळेतून काठाला चालत यायचा वेळ वजा केला. पंधरा दिवस, जमेल तेव्हा काठावर बसून, त्यांनी नदीशी वेळा ताडून पाहिल्या आणि प्रोग्राम शेजारणीच्या फोनवर घातला.

मावशी गेल्या पावसाळ्यात गेल्या. वर्गात त्यांची खुर्ची दुसऱ्याला देताना मला फार जड गेलं.

परवा केरीला गेलो होतो. चौघी रेतीवर वाकलेल्या. शेजारणीने फोन पाहिला आणि सगळ्यांना उठवलं. टोपल्या अर्ध्याच होत्या, पाणी अजून जोरात समुद्राकडे वाहत होतं. हिशेबात चूक राहिली, माझ्याच देखरेखीखाली, असं वाटून मला ओशाळल्यासारखं झालं. शेजारीण काठाला येताच मी फोन मागून घेतला आणि प्रोग्राम उघडला.

मी न शिकवलेली एक ओळ त्यात होती. आलेल्या वेळेतून आणखी पंचवीस मिनिटं वजा. त्या ओळीशेजारी, यंत्र वाचत नाही अशी, माणसासाठी लिहिलेली टीप: "जावेचो गुडघो दुखता. ती हळू चलता."

मी वर पाहिलं. तिघी काठावर टोपल्या उतरवत होत्या. जाऊ अजून पाण्यात होती, एक हात गुडघ्यावर ठेवून, सावकाश येत.