सहा पावलांची हद्द

आमच्या रुइरू गावात जमिनीची हद्द अडली की लोक आधी गाथेचांना बोलवायचे, मग सरकारी मोजणीदाराला. मोजणीदाराकडे यंत्र असायचं, गाथेचांकडे नुसती काठी. मी जमिनीची दलाल. वीस वर्षं याच धंद्यात केस पांढरे केलेत. यंत्र चुकलेलं मी चारदा पाहिलंय, काठी चुकलेली कधीच नाही. म्हणूनच त्या मंगळवारी जे झालं ते मला अजून पचलेलं नाही.

आम्हा किकुयू लोकांत दोन शेतांच्या मधे पूर्वी कुंपण नसायचं. इतोका असायची. ही एक रानलिली. कांदा खोल मातीत, वर लांब पाती, पावसानंतर पांढरी-गुलाबी फुलं. ती लावताना मेंढा कापत, त्याच्या पोटातलं अर्धवट पचलेलं गवत ओळीवर शिंपत, आणि मग ती ओळ हलवायची कुणाची छाती होत नसे. पुढे शहर आमच्यापर्यंत सरकत आलं, कॉफीचे मळे गेले, पन्नास बाय शंभर फुटांचे प्लॉट पडले, बुलडोझरने इतोका उपटल्या. त्या कुठे होत्या हे फक्त गाथेचांच्या डोक्यात उरलं.

सगळी वस्ती त्यांना गुका म्हणायची, म्हणजे आजोबा. वय अठ्ठ्याहत्तर, उंच, कमरेत किंचित वाकलेले, भर उन्हातही अंगात तोच तपकिरी कोट. हद्द दाखवण्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. दुधाचा गरम चहा पुरे. त्यांची एक खोड होती: इतोकाची ओळ ते कधी ओलांडत नसत. पलीकडे जायचं तर टोकापर्यंत चालत जाऊन वळसा घालत.

"गुका, उडी मारा की! गुडघ्याएवढं तर झाड आहे," मी एकदा चिडवलं होतं.

"तू मार पोरी," ते म्हणाले. "तुझ्या पायांना काही आठवत नाही."

मी हसले होते. दलालांना हसायला फार लागत नाही.

त्यांच्या जमिनीच्या पुढ्यात, रस्त्याला लागून, न्यागुथीचं घर होतं. न्यागुथी त्यांच्याहून जरा लहान, सत्तरीची, विधवा. पत्र्याच्या दोन खोल्या, चार कोंबड्या, आणि भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत "ही जागा विकाऊ नाही". आमच्याकडे असं लिहिलं नाही तर कुणीतरी भामटा तुमचं घर तुमच्या नकळत विकून मोकळा होतो. तिच्या आणि गाथेचांच्या जागांच्या मधे मात्र जुनी इतोका जशीच्या तशी उभी होती, नऊ झाडं. तिच्या बाजूला तिच्या नवऱ्याचं, मुरेगीचं थडगं. तो मोंबासाच्या बंदरावर कामाला असायचा आणि नाताळात घरी यायचा. एका नाताळात त्याने शेत पावलांनी मोजलं आणि गल्लीभर सांगत सुटला की शेत आकसलंय. लोक पोट धरून हसले. सर्वांत जास्त न्यागुथीच हसली. "समुद्रावर राहून ढांगा लांबल्यात तुमच्या," असं ती चारचौघांत म्हणाली आणि त्याला "लांबपाय्या" हे नाव पडलं ते मरेपर्यंत. तो गेला त्याला पंधरा वर्षं झाली, तरी जुनी माणसं अजून त्याच नावाने त्याची आठवण काढतात.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. अधिकारी आले, न्यागुथीच्या भिंतीवर लाल फुली मारून गेले. "विकाऊ नाही" या अक्षरांच्या बरोबर मधोमध. फुली म्हणजे घर पाडणार. मागे उरणार होती ती इतोकापर्यंतची एक पट्टी, तीही इतकी अरुंद की नियमाप्रमाणे तिच्यावर घर बांधता येईना. याउलट गाथेचांची मागची जमीन एकदम रस्त्यालगत आल्यासारखी झाली. त्यांचा धाकटा मुलगा किगोथो, चौतिशीचा, बापासारखाच उंच. त्याच्यासाठी गिऱ्हाईक मीच आणलं: आठ मजली इमारत बांधायला निघालेला बिल्डर. त्याचा हिशेब सरळ होता. किगोथोची जमीन घ्यायची, आणि न्यागुथीची पट्टी निरुपयोगी झाली की ती मातीमोल भावात उचलायची. मला हे माहीत होतं. मी मूग गिळून बसले, कारण दोन्ही व्यवहारांत माझी दलाली होती. लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

मंगळवारच्या आधीच्या आठवड्यात न्यागुथी मला शोधत चौकातल्या चहाच्या टपरीवर आली. गाथेचा तिथेच बाकावर बसले होते.

"वाचुका, तू एवढ्यांच्या जमिनी बघतेस. माझ्या पट्टीवर दोन खोल्या बसवून दे ना कशा तरी."

"बसत नाहीत गं, न्योकाबीच्या आई. मोजणीदाराने तीनदा मोजलं. पाच-सहा पावलं कमी पडतात."

"पाच-सहा पावलं," ती म्हणाली. "एवढ्यासाठी मी इथून उठायचं? लेक न्योकाबी म्हणते माझ्याकडे शहरात ये. एका खोलीत पाच जण राहतात ती. जाईनही मी. पण मुरेगीजवळ, आमच्या ह्यांच्याजवळ कोण राहील इथे? बिल्डर थडग्यावर गाड्या लावेल."

गाथेचांनी कप खाली ठेवला. चहा अर्धाच प्यायला होता. काठी घेऊन ते उठले आणि निघून गेले.

मंगळवारी सकाळी हद्द कायम करायची होती. मोजणीदार आला, बिल्डर आला, तीन वडीलधारी माणसं आली. न्यागुथी थडग्याजवळ उलट्या बादलीवर बसली होती. काम पाच मिनिटांचं: गाथेचांनी ओळ दाखवायची, सगळ्यांनी सह्या करायच्या. किगोथोने नवा शर्ट घातला होता.

"बाबा, दाखवा आणि मोकळे व्हा. यांना पुढे दुसरीकडे जायचंय."

गाथेचा ओळीजवळ आले. कोट काढून त्यांनी घडी घातली आणि गवतावर ठेवला. त्यांना कोटाशिवाय मी प्रथमच पाहत होते. दंड अगदी काटक्या झाले होते.

"ही हद्द खोटी आहे," ते म्हणाले. "मी हलवलीय."

मोजणीदार पेन हातात धरून तसाच राहिला.

"सरकार नकाशे काढत होतं त्या वर्षी. साहेब इतोका बघून रेघ मारणार होता. मुरेगी मोंबासाला. दुपारी सगळं गाव सभेला गेलं होतं, ही न्यागुथीसुद्धा. मी एकटा मागे राहिलो. नऊ झाडं उपटली आणि सहा पावलं यांच्या शेतात लावली. जमीन ओली होती. झाडं दोन दिवस मलूल पडली आणि मग धरली."

"बाबा, तुमचं वय झालंय, तुम्हाला..." किगोथो पुढे झाला.

"वय झालंय म्हणूनच सांगतोय. गप राहा."

वडीलधाऱ्यांपैकी एकाने मान खाली घातली. सगळ्यांना रीत ठाऊक होती. इतोका हलवणाऱ्याने ती सर्वांसमोर स्वतःच्या हाताने परत लावायची, कुणी मदत करायची नाही. मग मेंढा द्यायचा. आणि त्यानंतर त्याला कुठल्याही हद्दीवर कुणी बोलवत नाही. गाथेचांनी सत्तेचाळीस वर्षं साऱ्या रुइरूच्या हद्दी डोळ्यांत तेल घालून जपल्या होत्या, आणि आता ते म्हातारपणी आपलं तेवढंच एक मोठेपण स्वतःच्या हाताने टाकून देत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. दलालीचा विचार त्यानंतर आला. पण आला, हेही खरं.

"ठीक आहे," बिल्डर घड्याळ बघत म्हणाला. "सहा पावलं तर सहा पावलं. टाका आजोबा, मोजा."

त्याने गाथेचांचे पाय पाहिले होते. ते आता वीतभर वीतभर चालायचे. त्यांची आजची सहा पावलं म्हणजे न्यागुथीला एक मोरीही बांधता आली नसती.

गाथेचांनी मान हलवली. "ती पावलं माझ्यात उरली नाहीत. ती याच्या पायांत आहेत." त्यांनी काठी किगोथोकडे रोखली. "तू टाक."

"मी?" किगोथो एक पाऊल मागे सरला. "माझीच जमीन मीच कापून देऊ? बाबा, तुम्ही उद्या जाल. इथे मला राहायचंय."

"म्हणून तर तुला टाकायला सांगतोय."

किगोथो ओळीला टाच लावून उभा राहिला आणि आपल्याच जमिनीकडे निघाला. एक, दोन, तीन. पावलं आखूड होती, चर्चमध्ये चालल्यासारखी. सगळ्यांना ते दिसत होतं. सहाव्या पावलाला तो थांबला आणि मागे वळून पाहिलं.

गाथेचांनी काठी जमिनीवर आपटली.

"मागे ये. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. कुणी बघेल या भीतीने ढांगा टाकत होतो. चोराची पावलं लांब असतात, किगोथो. तशी टाक."

किगोथो परत ओळीवर आला. टाच पुन्हा ओळीला लावली. मग त्याने न्यागुथीकडे पाहिलं. ती बादलीवरून उठली नव्हती, काही मागतही नव्हती. बिल्डर म्हणाला, "बघ हं, व्यवहार मोडेल." किगोथोने नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि चालायला लागला. या वेळी ढांगा टाकत. सहावी ढांग त्यांच्या अ‍ॅव्होकॅडोच्या झाडापलीकडे पडली. तिथे त्याने टाच रोवली आणि तसाच उभा राहिला, बाप पोहोचेपर्यंत.

बिल्डर गाडीत बसून निघून गेला. मी त्याच्यामागे धावले नाही. मोजणीदाराने नवी ओळ लिहून घेतली आणि थांबला. गाथेचा गुडघ्यांवर बसून एकेक कांदा उकरत होते. नऊ झाडांना दुपार सरली. मधेच किगोथोने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला. प्रत्येक झाड छातीशी धरून ते त्या सहा ढांगा तुकड्यातुकड्याने चालत होते. मी मोजलं, त्यांना एका खेपेला एकोणीस पावलं लागत होती.

शेवटचं झाड लावून ते न्यागुथीसमोर आले. हात मातीने माखलेले.

"न्योकाबीच्या आई, मेंढा शनिवारी आणतो. तुला मला काय बोलायचं ते बोल."

न्यागुथी उठली. मला वाटलं आता ती त्यांना उभं आडवं घेणार, आणि घ्यायलाच हवं होतं. पण तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वळून थडग्यापाशी गेली, खाली बसली आणि त्यावरचं वाळकं गवत हाताने बाजूला करू लागली.

"न्योकाबीचे बाबा," ती म्हणाली, "तुमची पावलं बरोबर होती हो. मीच तेवढी हसले."