कमळाबाईंचा जाब

आज सकाळी शेजारच्या खिडकीतून सुकट भाजल्याचा वास आला आणि माझी मलाच लाज वाटली. बाळांनो, ही गोष्ट मी तुमच्या आईलाही कधी सांगितली नाही.

शांती नगरात आम्ही नवीन होतो, दुसऱ्या मजल्यावर. सुकट विकणाऱ्या कमळाबाई चौथ्यावर राहायच्या. त्या उन्हाळ्यात त्यांच्या नळाला थेंबभरही पाणी येत नव्हतं. सोसायटीच्या मीटिंगला पुरुष खुर्च्यांवर बसलेले, आम्ही बायका मागे भिंतीशी उभ्या. कमळाबाई सरळ पुढे गेल्या.

"पानी वर का येत न्हाय? चावी कोन बंद करतंय? आज सांगा!"

सेक्रेटरी हसले. "अहो, हा मच्छीबाजार नाहीये." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा इंग्लिशमध्ये लिहून द्या."

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, की कमळाबाई नम्र विनंती करतात, शक्य झाल्यास पाण्याकडे लक्ष द्यावं. त्यांनी जाब विचारला होता; मी त्यांना हात जोडायला लावले. तुमचे आजोबा नुकतेच कमिटीत गेले होते, आणि मला कोणी भांडखोर म्हणू नये, एवढीच मला काळजी. वरच्या मजल्याच्या पाण्याची चावी कोणीतरी बंद करतं, हे तर मी लिहिलंच नाही.

"याला म्हणतात सभ्य भाषा," सेक्रेटरी म्हणाले आणि कागद फाइलला लावला. लगेच पुढचा विषय घेतला.

उन्हाळाभर कमळाबाई हंडे घेऊन आमच्या दारावरून चढत राहिल्या. एकदा दम खात थांबल्या. "ताई, तुमी येवरा चांगला लिवला, तरी पानी कसा येत न्हाय?"

"बघतील हो," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.