तिच्या वाटची उत्तरं मी दिली

मी चौथी शिकलो. पण अकोल्याच्या फूलबाजारात माझ्याइतकं शुद्ध बोलणारा दुसरा माळी नव्हता, हे आजही सांगतो. शाळेत 'मला'ऐवजी 'मले' म्हटलं की मास्तर छडी मारायचे. दोनदा मार खाल्ला, तिसऱ्यांदा वेळ येऊ दिली नाही. पुढे पेपर वाचून वाचून बोलणं सुधारलं. तहसिलीत साहेबांनी बसायला खुर्ची दिली ती त्या बोलण्यामुळेच.

बायको मात्र शेवटपर्यंत तशीच बोलली. तिचं माहेर अमरावतीकडचं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. चारचौघांत कोणी तिला काही विचारलं की उत्तर मी द्यायचो. डॉक्टरने विचारलं, कुठे दुखतं, तरी मीच सांगायचो. पन्नास वर्षं असं चाललं आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही.

आमची नात अमरावतीला बी.ए. झाली. मी म्हटलं, तिथेच क्लास लाव, परीक्षा दे, साहेबीण हो. ऐकलं नाही. लांबच्या विद्यापीठात गेली, भाषाविज्ञान घेतलं आणि त्याच्या जोडीला जपानी.

"जपानी शिकून काय आपल्या शेवंतीशी बोलणार आहेस?" मी विचारलं.

"शेवंती तिकडंही असते, आबाजी. तिकडच्या राजाचं फूल आहे ते."

बायको आतून म्हणाली, "म्हंजे आपुन राजाचे माळी झालो न बापा. अन् हे मले सांगतच नाई."

दोघी किती वेळ हसत होत्या. मी पेपर उचलला.

दिवाळीच्या आधी नात आठ दिवस आली. आम्ही आता शेवंतीचा मळा सोडून शहरात जठारपेठेत मुलाकडे राहतो, पण झेंडूची तोरणं बायको घरीच करायची. नातीने मोबाइल तिच्यासमोर ठेवला. म्हणाली, वर्षभराचा अभ्यास तुझ्या बोलण्यावर आहे. फुलांच्या कामातले तुझे शब्द कोणत्याच पुस्तकात नाहीत. तू गेलीस की तेही जातील, म्हणून तू फक्त बोलत राहा.

"माह्या बोलन्यात काय अभ्यास हाये वं पोरी?" बायको लाजली. पण मी पाहिलं, तिने पदर नीट केला, फोटो काढायचा असल्यासारखा.

मग नातीने जपानची गोष्ट सांगितली. तिथे दक्षिणेकडच्या बेटांवर पूर्वी शाळेत पोरगं घरची बोली बोललं की त्याच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. दुसरं कोणी तसं बोललं की पाटी त्याच्या गळ्यात. "आता तिथल्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःची बोली बोलायची लाज वाटते, आबाजी."

"मग आमचे मास्तर चांगले म्हणायचे, नुसती छडी मारायचे," मी म्हणालो.

तिने मोबाइल चालू केला. तोरण कसं करतेस ते सांग, म्हणाली.

"पयले दोरा भिजू घालाव, मंग..."

"'पयले' नाही, 'आधी' म्हण," मी म्हणालो. "आणि 'घालावा'. कॉलेजात मोठे मोठे लोक ऐकणार आहेत."

बायकोने सुई खाली ठेवली. "तुमीच सांगा मंग."

मग मी सांगितलं. पहिल्या दुपारी सांगितलं, दुसऱ्या दुपारीही. तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, "आबाजी, तुम्ही जरा चौकात फिरून या ना."

मला ते फार लागलं. "माझ्या घरातून मला बाहेर काढतेस? बाजारात पन्नास वर्षं मी उभा राहिलो. हिला काय माहीत आहे?" चौकात मी रोज जातो, पण त्या दिवशी खुर्ची हलवली नाही. ती दुपारही मीच बोललो, आणि पुढे नातीने मोबाइल समोर ठेवला नाही.

जायच्या दिवशी नातीची बॅग भरताना बायको तिला हळूच म्हणाली, "संक्रांतीले ये. तुह्या आबाजीले तवा कुठी तरी पाठवू. मंग सांगीन तुले सारं." मी बाजूच्या खोलीत होतो. ऐकलं, आणि ऐकलं नाही असं केलं.

संक्रांत आली नाही. मार्गशीर्षात एका सकाळी बायको देवाची फुलं निवडायला बसली, ती उठलीच नाही.

तेरवी झाल्यावर मी नातीला म्हटलं, तिचा आवाज लाव. ती म्हणाली, राहू द्या आबाजी. मी हट्ट धरला. माझा हट्ट घरात कोणी मोडत नाही.

तीन दुपारी ऐकल्या. त्यात मी आहे. बाजारभाव आहे, साहेबांची खुर्ची आहे, आमच्या शेवंतीची कीर्ती आहे. ती आहे ती बांगड्यांच्या आवाजापुरती, एकदा खोकली तेवढी, आणि मी "खरं की नाही?" विचारलं की "हो" म्हणण्यापुरती. तोरणाचं बोलली ते एकदाच, पयले दोरा भिजू घालाव, मंग. त्याच्यापुढे लगेच मी.

नातीला विद्यापीठात काहीतरी लिहून द्यायचं होतंच. मी म्हटलं, मला विचार. आजीसारखंच बोलून सांगतो. माझीही तीच बोली आहे, मार खायच्या आधीची.

तिने मोबाइल चालू करून माझ्यासमोर ठेवला. थोडा विचार करून म्हणाली, "पहाटे फुलं तोडताना आजी झाडांशी काहीतरी बोलायची. काय म्हणायची?"

बोलायची खरी. रोज बोलायची. मी एक ओळ सोडून मागे असायचो, टोपली घेऊन. ओठ हलताना दिसायचे, आणि मी म्हणायचो, तोंड कमी चालव, बाजाराला उशीर होतो.

मोबाइल चालू होता. तिचा सूर आठवत होता, झाडावर हात फिरवायची तेही आठवत होतं. शब्द एकही नाही.

"राहू द्या, आबाजी," नात म्हणाली आणि तिने मोबाइलकडे हात नेला.

"बंद नको करू," मी म्हणालो. "मले आठवू दे."

तिने हात मागे घेतला. त्या दिवशी मोबाइलमध्ये उतरलं ते एवढंच.