उशिरा हसणारे काका

टीव्हीवर ती जुनी भाडेकरूंची मालिका लागली, की काका उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा हं. आता माझं!"

खोलीतले आम्ही सगळे गप्प. पडद्यावर घरमालक नेमका जिलबीच्या ताटात बसायचा, न दिसणारी माणसं खो खो हसायची, आणि काका कृतार्थ चेहऱ्याने आमच्याकडे बघायचे. कारण त्या न दिसणाऱ्या माणसांमध्ये एक काका होते.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला आमची सोसायटी. काका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि मानपाडा रोडवरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. तिथल्या एका सहकाऱ्याचा मेव्हणा त्या मालिकेसाठी धावपळीची कामं करायचा. तयार झालेला भाग ठाण्यात, कोपरीतल्या एका हॉलमध्ये तीस-चाळीस माणसांना दाखवायचे, त्यांचं हसू टेप करायचे आणि मग ते मालिकेत जोडायचे. छताला माईक टांगलेले, खुर्च्या मांडववाल्याच्या, आणि शेवटी चहा-बटाटेवडा. काका सलग तेरा शनिवार तिथे हसायला गेले होते. कलाक्षेत्रातली त्यांची कारकीर्द एवढीच.

अडचण अशी होती, की काकांना विनोद उशिरा कळायचा.

"तो टेपवाला मला म्हणाला, काका, जरा सगळ्यांबरोबर हसा की," ते सांगायचे. "मी म्हटलं, अहो, कळल्याशिवाय कसं हसू?"

यात अतिशयोक्ती नव्हती. माझे बाबा जिन्यात त्यांना एखादा किस्सा सांगायचे. काका "हो का?" म्हणून वर जायचे. बाबा घरात यायचे, चपला काढायचे, पाणी प्यायचे, आणि मग वरच्या मजल्यावरून आवाज यायचा, "ही ही ही ही... अरे देवा!" प्रत्येक हसण्याच्या शेवटी मांडीवर थाप आणि "अरे देवा!" हे ठरलेलं. बाबा आईला म्हणायचे, "पोचला."

तुमच्या ओळखीतही असं कोणी असेल. आपण त्यांना चिडवतो आणि मनातून विश्वासही त्यांच्यावरच ठेवतो, कारण ते तोंडदेखलं हसत नाहीत.

मी तर शाळेत सांगून ठेवलं होतं की आमच्या वरच्या काकांचं हसू टीव्हीवर येतं. पुरावा म्हणून दोन मैत्रिणींना घेऊन आले. काकूंनी चिवडा दिला, काकांनी बोट वर केलं. पण व्हायचं काय, की टीव्हीतले काका आणि खुर्चीतले काका एकदमच हसायचे. त्यामुळे टीव्हीतलं हसू आम्हाला कधी धड ऐकूच आलं नाही. जिना उतरताना एक मैत्रीण म्हणाली, "मला तर काहीच वेगळं नाही आलं ऐकू." मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही.

तेव्हा मी अशी होते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी कशी झाले ते सांगायचं आहे.

पुढे मी बँकेत लागले, लग्न होऊन त्याच सोसायटीच्या बी विंगमध्ये आले, आणि कुठल्याही कार्यक्रमाचा माईक आपोआप माझ्या हातात येऊ लागला. माझी जीभ चुरचुरीत आहे असं लोक म्हणायचे. मलाही ते पटलं होतं.

सोसायटीला चाळीस वर्षं झाली तेव्हा आम्ही "जुन्या मालिकांची संध्याकाळ" ठेवली आणि त्या मालिकेतल्या घरमालकालाच पाहुणे म्हणून बोलावलं. नट आता म्हातारे झाले होते, पण रुबाब तोच. दुपारी मी खुर्च्या मोजत असताना काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस ओले करून मागे बसवलेले.

"अगं, त्यांना एवढंच विचार," ते म्हणाले, "कोपरीच्या हॉलमध्ये आम्हाला हसायला बसवायचे, ते आठवतं का? माझं नाव नको घेऊस."

"विचारते ना काका. नक्की."

मुलाखत सुरू झाली आणि दहा मिनिटांत पडली. पाहुणे हो-नाही एवढंच बोलत होते, मागची मुलं मोबाइल काढून बसली होती. मला घाम फुटला. आता काहीतरी हशा हवा होता, कुठूनही. मी म्हणाले, "सर, आमच्या सोसायटीत एक काका आहेत. त्यांचा दावा आहे, की तुमच्या मालिकेत जे हसू ऐकू यायचं, ते त्यांचं होतं!"

दावा. हा शब्द माझा. आणि तो म्हणताना मी भुवई उडवली, तीही माझीच.

पाहुणे खुलले. "अहो, ते हसू होय? ते परदेशातून आणलेल्या टेपवरचं! आमच्या विनोदांना इथे कोण हसणार?"

सभागृह हशाने दणाणलं. तिथे तरी मी थांबायला हवं होतं. पण मी तिसऱ्या रांगेकडे हात केला आणि म्हणाले, "काका, म्हणजे तुम्ही फॉरेनचे निघालात की!"

दोनशे माणसांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. काका हसत होते. सगळ्यांबरोबर, अगदी वेळेवर. "अरे देवा" नाही, थाप नाही. इतक्या वर्षांत त्यांना वेळेवर हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि काहीतरी चुकलं हे मला कळलंही. पण कार्यक्रम रंगला होता. मी पुढचा प्रश्न विचारला.

पाहुण्यांना मी दोष देत नाही. त्यांना खरंच आठवत नसेल, किंवा एक वाक्य सुचलं ते त्यांनी टाकलं. बाकीचं सगळं मी केलं.

त्यानंतर खाली खेळणारी पोरं काकांना पाहिलं की ओरडायची, "काका, फॉरेनचं हसून दाखवा ना!" काका हात हलवून पुढे जायचे. पोरांना दटावणं मला कठीण नव्हतं. मी दटावलं नाही, कारण मग आपण काहीतरी चूक केली असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

एकदा माहेरी जाताना ए विंगच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी उगाच म्हणाले, "काका, त्या दिवशी जरा गंमत झाली."

"छे गं, छान बोललीस तू," ते म्हणाले. मग मजल्यांच्या आकड्यांकडे बघत म्हणाले, "मलाच वाटलं असेल तसं. हॉलमध्ये जायचो हे नक्की. पण ते लावलं की नाही कोणास ठाऊक."

काकू सांगायच्या, की आता मालिका लागली तरी ते बोट वर करत नाहीत.

दीड वर्षाने एका रविवारी मी कानात इअरफोन घालून मेथी निवडत बसले होते. कोणीतरी मालिकेचे जुने भाग इंटरनेटवर चढवले होते. घरमालक जिलबीच्या ताटात बसला, माणसं हसली, थांबली. भाडेकरू पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडतो, तेवढ्यात मागून एकट्याचं, बारीक, "ही ही ही ही..." मग थाप. मग पुसट, पण स्वच्छ मराठीत, "अरे देवा!"

मी ते सात-आठ वेळा ऐकलं. मेथीचे हात तसेच.

आता तुम्ही म्हणाल, उठायचं आणि ए विंगमध्ये जायचं. दोन मिनिटांची वाट. मी गेले नाही. तीन आठवड्यांनी सोसायटीचं स्नेहसंमेलन होतं. मी ठरवलं, तिथे मोठा पडदा लावायचा, मोठे स्पीकर लावायचे, काकांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि सगळ्यांसमोर ऐकवायचं. सगळ्यांसमोर घालवलेलं सगळ्यांसमोरच परत द्यायला हवं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला पुन्हा माईकच हवा होता. त्या दिवसांत काका मला दोनदा भाजी घेताना भेटले. मी मनातल्या मनात हसून पुढे गेले.

ते हसू सापडल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता काका गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी काकूंकडे गेले. फोन टेबलावर ठेवला आणि तो भाग लावला. काही समजावून सांगण्याचं धैर्य नव्हतं. घरमालक ताटाकडे निघाला तसं काकूंचं बोट आपोआप वर गेलं. माणसं हसली, थांबली. मग काका हसले. थाप. "अरे देवा!"

मी रडत होते. काकू रडल्या नाहीत.

"मला कशाला ऐकवतेस गं?" त्या म्हणाल्या. "मी कधी नाही म्हटलं होतं?"

फोन बंद करायचं मला सुचलं नाही. मालिका पुढे चालूच राहिली. पुढच्या विनोदाला सगळे हसले, हसून झाले, आणि आम्ही दोघी थांबून राहिलो.