ओढ म्हणाले की सोड

आमची थोरली जाऊ बोलायला कमी, हे सगळ्यांना माहीत होतं. ती ऐकायलाही कमी झाली आहे हे पहिल्यांदा मला कळलं, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हतं. खरं तर हे कळायचं नशीब मोठ्या भाऊजींचं, तिच्या नवऱ्याचं. पण नशीब काही पत्ता विचारून येत नाही.

दोघा भावांची शेतं शेजारी आणि मधे विहीर एकच. आमचे हे गेल्यापासून मी अलीकडच्या घरात एकटी, आणि पलीकडे ती दोघं. भाजीचे काही वाफे, एक गाय, दोन शेळ्या आणि अंडी घालायचं विसरलेल्या कोंबड्या, एवढा त्यांचा संसार. म्हातारपणी शेतातलं कुठलंही काम एकट्याचं राहत नाही. शिडी एकाने धरायची, दुसऱ्याने चढायचं. भाऊजी गवत कापायचे, थोरली पेंढी बांधायची, आणि ती पेंढी तिच्या डोक्यावर ठेवायला पुन्हा भाऊजीच लागायचे. गाठ सैल बांधली म्हणून ते रोज कुरकुरायचे आणि ती रोज तशीच बांधायची.

पण मला धास्ती होती ती विहिरीच्या कामाची. विहिरीत पंपाचा पाइप सोडलेला आहे, आणि त्याच्या खालच्या टोकाला जाळीची झडप. तिचं खरं नाव काहीतरी वेगळं आहे, आमच्याकडे सगळे तिला फुटबॉल म्हणतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्या फुटबॉलमध्ये पालापाचोळा अडकतो, पंप नुसता घरघरतो आणि नळीतून वारा येतो. मग कुणीतरी आत उतरून जाळी साफ करायची. कुणीतरी म्हणजे भाऊजी, वय वर्षं बाहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे.

उतरायची पद्धत त्या दोघांनी तरुणपणी बसवलेली. भाऊजी काखेखालून छातीभोवती दोर बांधायचे. कठड्यापासून थोडा मागे एक जाड खांब आहे, त्याला दोराचे दोन वेढे, आणि टोक थोरलीच्या हातात. भिंतीत लोखंडी कड्या ठोकलेल्या आहेत, त्यांच्यावर पाय देत ते स्वतःच उतरायचे, स्वतःच चढायचे. दोर फक्त पाय घसरला तर. ते 'सोड' म्हणाले की तिने दोर सैल करायचा, 'ओढ' म्हणाले की ताणून घ्यायचा. खांबापाशी उभं राहिलं की विहिरीच्या आतलं काही दिसत नाही, त्यामुळे सगळा कारभार कानावर.

आणखी एक होतं. आत उतरलेल्या माणसाने बोलत राहायचं, म्हणजे वरच्याला कळतं की सगळं ठीक आहे. आवाज थांबला की ओढायचं. त्यामुळे घरात दोन शब्दांवर दिवस काढणारे भाऊजी विहिरीत उतरले की अखंड बडबडायचे. माझ्या अंगणात त्याची नुसती घुमघुम यायची, शब्द कळायचे नाहीत. मी थोरलीला चिडवायचे, "ताई, तुमच्या नवऱ्याला बायकोशी बोलायला मधे विहीर लागते." ती तोंडाला पदर लावून हसायची.

तर ही थोरली हळूहळू मला तुटक वागायला लागली. मी म्हणावं, "ताई, गुडघा फार ठणकतोय," तर तिने म्हणावं, "हं, चालू दे." मी म्हणावं, "काल माझी कोंबडी मुंगसाने नेली," तरी "हं, चालू दे." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, असेल तुमचा मुलगा शहरात मोठा साहेब, पण माझी कोंबडी मेली तर दोन शब्द बोलायला काय जातं? मी त्यांच्याकडे जाणंच सोडलं. त्या मुलाचा फोन आला तरी ही नवऱ्याला म्हणायची, "तुम्हीच बोला, माझे हात ओले आहेत." हिचे हात कायम ओलेच कसे असतात, असं मी मनात म्हणायचे.

शेवटी राग धरून धरून मीच कंटाळले आणि एका सकाळी विरजण मागायला गेले. ती चुलीपुढे माझ्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसली होती. शेजारीच पातेल्यात दूध वर आलेलं.

मी दारातून म्हटलं, "ताई, दूध उतू चाललंय."

"हं, चालू दे," ती शांतपणे म्हणाली, आणि दूध पातेल्याच्या कडेवरून चुलीत गेलं.

करपल्याचा वास आला तेव्हा ती दचकून उठली. वळून बघते तर मी. माझ्या तोंडावर काय दिसलं तिला कोण जाणे, ती मटकन खालीच बसली. मी जवळ जाऊन तिच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"दोन उन्हाळे झाले," ती म्हणाली. "आवाज येतो गं, शब्द कळत नाहीत. पुढे बसून कुणी बोललं तर तोंडावरून भागवते."

तेव्हा मला विहीर आठवली. ओढ आणि सोड. कानाला जवळजवळ सारखेच दोन शब्द, तेही विहिरीतून घुमत येणार, आणि ऐकणार ही.

"अहो, मग तुम्ही दोर कशा धरता?"

"उतरताना दोराला चिंधी बांधली आहे तिथपर्यंत सोडते," ती म्हणाली. तिने हे सगळं विचार करून ठेवलेलं होतं. "त्यानंतर त्यांनी काहीही म्हटलं तरी ओढायचं. चुकून ओढलं तर शिव्या देतील. चुकून सोडलं तर..."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता भाऊजींना सांगते. तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे हात खरंच ओले होते, पण घामाने. "त्यांना कळलं तर ते मला खांबापाशी उभं करायचे नाहीत. एकटेच उतरतील. मला ताप होता तेव्हा दोर खांबाला बांधून एकटेच उतरले होते, विसरलीस? बहिरी का होईना, दोराला माणूस तर आहे. आणि मुलाच्या कानावर गेलं तर तो घेऊन जाईल दोन खोल्यांत. यांना विहीर आवडते गं. तेवढं एकच काम त्यांचं राहिलंय."

आता सांगा, मी काय करायचं होतं? सांगितलं तर म्हातारा एकटा उतरणार, नाही सांगितलं तर बहिऱ्या बायकोच्या भरवशावर उतरणार. मी तोंड शिवून घेतलं. माझ्यासारखीने तोंड शिवणं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यालाच विचारा.

त्यानंतर माझा एक उद्योगच झाला. पंप घरघरला की हातातलं काम टाकून विहिरीवर जायचं. कधी बादली घेऊन, कधी शेळी शोधत. माझ्याकडे शेळीच नाही, हे सुद्धा भाऊजींच्या लक्षात आलं नाही. मी कठड्यापाशी उभी राहून आत बघायचे. ते 'ओढ' म्हणाले की मी थोरलीला हाताने खूण करायचे. आणि एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. मी असले की भाऊजी आत गप्प. ओढ, सोड, बास. ती घुमघुम नाही, बडबड नाही. मला वाटायचं, लाजतात.

पण माणूस किती पहारा देणार? पंपाचा आवाज बंद पडला की मी उठून कुंपणाशी. पंप चालू असला तरी आता बंद पडेल म्हणून कुंपणाशी. मी कांदे निवडायला बसले तरी तोंड विहिरीकडे करून बसायचे.

त्या दिवशी दुपार कलली होती आणि मी गोठ्याच्या मागे शेणी थापत होते. हात शेणाने भरलेले. पंप कधी थांबला तेच कळलं नाही. कानावर आली ती घुमघुम. म्हणजे भाऊजी उतरलेले, आणि मी तिथे नाही. मी हात पुसायला म्हणून वाकले तोच ती घुमघुम तुटली आणि पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग स्पष्ट ऐकू आलं, "सोड."

मागोमाग थोरलीचा आवाज, "ओढते, ओढते."

"सोड, अगं सोड."

"ओढते हो, धीर धरा."

मी धावत सुटले. धावले म्हणजे काय, माझ्या गुडघ्यांनी जे केलं ते. मधेच पदर कुंपणात अडकला तो फाडून काढला. भाऊजींचा पाय शेवाळावरून घसरून ते पाण्यात गेले होते, आणि पाय अडकला होता पाइप आणि भिंतीच्या फटीत. हे मागून कळलं. खाली वाकून पाय सोडवायचा तर दोर सैल हवा होता. आणि वर ही बाई जिवाच्या आकांताने ओढत होती. वरून दोर, खालून पाइप, आणि मधे तो म्हातारा.

मी लांबूनच ओरडले, "ताई, सोडा. सोडा."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझं उघडलेलं तोंड पाहिलं. आणि मान हलवून तिने खांबाला दोराचा आणखी एक वेढा घातला. तिला मीसुद्धा 'ओढा' म्हणतेय असंच वाटलं. मी जितकी ओरडले तितकी ती जोराने ओढायला लागली. दुसरा एखादा शब्द सुचायला हवा होता, सैल करा, ढील द्या, काहीही. पण माझ्या जिभेवर तो एकच शब्द बसला होता.

विहिरीतला आवाज आता शब्दांचा राहिला नव्हता.

मी जाऊन तिच्या हातांवरच पडले. शेणाच्या हातांनी तिची बोटं उकलायला लागले. तिला काय वाटलं असेल? तिला वाटलं, मी तिच्या नवऱ्याला मारतेय. आयुष्यात मला कधी उणा शब्द न बोललेल्या त्या बाईने माझ्या मनगटाला चावा घेतला. रक्त आलं. मी तिला खांद्याने ढकलून दिलं आणि खांबावरचे वेढे भराभर काढून टाकले. दोर सरसर विहिरीत गेला आणि सैल पडला.

मग काहीच नाही. ना ओढ, ना सोड.

मी दोराचं टोक धरून कठड्याशी वाकले. आत पाणी हलताना दिसत होतं, माणूस दिसत नव्हता. थोरली जमिनीवर बसल्या जागेवरून माझ्या तोंडाकडे बघत होती. विहिरीत काय चाललंय ते तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळणार होतं, म्हणून मी चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. जमला नाही.

मग पाणी फुटलं, खोकला आला, आणि कितीतरी वेळाने आतून आवाज आला. "ओढ."

मी तिला दोन्ही हातांनी खूण केली. ती उठली आणि आम्ही दोघींनी ओढलं.

भाऊजी वर आले ते ओठ काळेनिळे होऊन. दोराने छातीवर लाल पट्टा उठलेला, घोट्याची साल निघालेली. कठड्याला टेकून बसले आणि श्वास लागल्याबरोबर पहिलं काम म्हणजे बायकोवर डाफरले. ती त्यांच्याकडे पाठ करून दोर गुंडाळत होती.

"कधीचा सोड सोड म्हणून ओरडतोय," भाऊजी म्हणाले. "बहिरी आहेस का गं तू?"

हे काय, सगळेच नवरे म्हणतात. थोरली दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "हं, चालू द्या."

भाऊजींनी तिच्या पाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. मग त्यांनी हाक मारली, हळू, तिचं माहेरचं नाव घेऊन, जे मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती दोर गुंडाळत राहिली.

"दोन उन्हाळे झाले," मी सांगितलं. आता लपवून काय करायचं होतं?

मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र विहिरीतून आला होता त्याहून वाईट झाला. "धाकटे," ते म्हणाले, "मी दरवेळी हिला आतून विचारतो. हाताला पकड राहिली नाही, भीती वाटते गं, आता पुरे करू का? मुलाकडे जाऊ या का? वर आल्यावर तोंड उघडत नाही म्हणून आतून विचारतो. ही काय म्हणते माहिती आहे?"

मला माहिती होतं.

"मला वाटायचं हिला जमीन सोडवत नाही. म्हणून उतरत राहिलो."

थोरली तोवर वळली होती आणि आमची तोंडं बघत होती. "काय म्हणतात?" तिने मला विचारलं. मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. ते घाबरायचे, हे तिला पहिल्या वेळी खरंच वाटलं नाही.

मग ती भाऊजींच्या समोर येऊन बसली, त्यांचे ओठ दिसतील अशी. "मग मी काय म्हणायचे?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग तिला नीट कळेल असं एकेक अक्षर सुटं करत ते म्हणाले, "म्हणायचीस, जपून या."

तिने मान हलवली.

"नाही," ती म्हणाली. "मी चालू द्या म्हणत असणार."

दोर तिच्या मांडीवर होता, तो भाऊजींनी उचलून बाजूला ठेवला. वाफ्यांना त्या दिवशी पाणी मिळालं नाही.