बिनपैशाची फौज

"स्वागत असो, नव्या सेनापती! आपलं नाव सांगा."

नव्या फोनच्या काचेवर ही ओळ झळकली आणि मियोको कुबोताने ती पुन्हा वाचली. नवी? अकरा वर्षं ती 'गडसंग्राम' खेळत होती. तिचा गड होता, तटाला बुरूज होते, बुरुजाखाली तिने लावलेली पर्सिमनची झाडं होती. काचेवर आता उघडाबोडका माळ होता आणि त्यावर एक फाटका तंबू.

"जरा इकडे बघता का?" तिने मोबाइलच्या दुकानातल्या तरुणाला हाक मारली. "माझा गड दिसत नाही."

"गड, मॅडम?"

"खेळातला हो! सकाळी होता. जुन्या फोनवर बघा, आहे."

तो तरुण कमरेत वाकला. नुसता वाकला नाही, पार टेबलाच्या कडेला कपाळ टेकेल इतका वाकला. जपानच्या इमाबारीत जन्म काढलेल्या बाईला बातमी ऐकावी लागत नाही, वाकण्यावरूनच कळते.

"जुना फोन बदल्यात जमा झाला, मॅडम. सगळं पुसून टाकलं. मी विचारलं होतं, खेळांची माहिती तुम्ही स्वतः हलवलीय ना म्हणून. तुम्ही 'हो, हो' म्हणालात."

म्हणाली होती. समोरचा बोलत असला की मान डोलवायची, मधेमधे 'हो, हो' म्हणायचं, म्हणजे त्याला वाटावं आपण ऐकतोय. जन्मभराची सवय. ऐकलं मात्र काहीच नव्हतं. नव्या फोनवर खेळाचं चिन्ह आपसूक आलेलं दिसलं, तिला वाटलं गडही आला. फोन बदलण्याआधी खेळातून एक सांकेतिक क्रमांक काढून ठेवायचा असतो. तो नसला तर चिन्ह म्हणजे नुसती पाटी, आत घर नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टॉवेलच्या कारखान्यातल्या निम्म्या बायकांना ते मियोकोनेच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावर टॉवेलच्या कडा चाचपता चाचपता तिने शेजारच्या हानाओकाला सांगितलं. हानाओकाच्या हातून टॉवेल गळून पडला.

"सगळं? तुमची ओबोरोसुद्धा?"

"सगळं."

"अरे देवा! मियोको-सान, ओबोरो गेली?"

ओबोरो म्हणजे म्हातारी तिरंदाज. खेळात योद्धे विकत मिळत नाहीत. मणी टाकायचे, चक्र फिरवायचं, मग नशिबात असेल तो योद्धा बाहेर येतो. मणी रोज थोडे फुकट मिळतात, नाहीतर खरे पैसे मोजून हवे तेवढे घ्या. हानाओका दर बोनसला घेई, आणि ओबोरोसाठी तर तिने ओकिनावाची सहल चक्रात घातली होती. तरी आली नव्हती. मियोकोला मात्र आली होती, रोजच्या फुकटच्या मण्यांत. नावाखालच्या ओळीत मियोकोने अभिमानाने लिहून ठेवलं होतं, 'एक येनही न घालता'.

"मदत कक्षाला लिहा की," हानाओका म्हणाली. "माझं एकदा दिलं त्यांनी परत. अगदी गोड बोलतात."

"तू पैसेवाली. तुझ्याशी गोडच बोलतील."

"टोमणे मारायला शुद्ध आहे म्हणजे तुम्ही जगणार," हानाओका म्हणाली आणि टॉवेल उचलला.

मियोको हसली नाही. तिचे वडील पाचिंकोच्या, म्हणजे यंत्रांवरच्या जुगाराच्या, दुकानात बसत. पोलादी गोळ्यांचा तो खणखणाट, सिगारेटचा धूर, आणि दाराशी उभी राहून "बाबा, आई बोलावतेय" म्हणणारी शाळेच्या गणवेशातली ती. आधी आईचा किमोनो गेला, मग शिलाई मशीन. नशिबाच्या यंत्रात आपण एक दमडी टाकणार नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं. म्हणून तर हा खेळ तिला प्रिय होता. त्याच यंत्रासमोर रोज बसायचं, ते रोज खुणावणार, आणि आपण रोज रिकाम्या हातांनी जिंकून उठायचं. अकरा वर्षं. तो गड म्हणजे बापाला दिलेलं उत्तर होतं.

मदत कक्षाचं उत्तर आलं तेव्हा तिचा नवरा तेइजी लोखंडी तव्यावर कोंबडीचे तुकडे वजनाने दाबून भाजत होता. गोदीत वेल्डिंग करण्यात आयुष्य गेलेला माणूस, घरातही त्याला लोखंड आणि चरचराट लागे.

"काय म्हणतात?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

मियोकोने वाचायला सुरुवात केली. आधी तीन ओळी नुसती दिलगिरी. मग, "खातं आपलंच आहे याची खात्री पटवण्यासाठी पूर्वी केलेल्या एखाद्या खरेदीचा तपशील कळवावा. खरेदी नसल्यास खातं परत देणं शक्य होणार नाही."

तिने पुन्हा वाचलं.

"ऐकलंत? पैसे घातले असते तर गड माझा. नाही घातले, म्हणून मी कोणीच नाही! ज्या गोष्टीचा अभिमान धरला, तीच नडली. संपलं, अहो. संपलं सगळं."

तव्यावरची कोंबडी करपायला लागली. तेइजी ती उलटत नव्हता.

"अहो, जळतंय!"

त्याने गॅस बंद केला. वळला. आणि, ओल्या हातांनी, ॲप्रनसकट, वाकला. त्या दुकानातल्या तरुणासारखाच. खाली, आणखी खाली.

मियोकोने फोन खाली ठेवला. "तुम्ही का वाकताय?"

"एक खरेदी आहे."

"कुठे?"

"तुझ्या गडात. तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा. तू फोन माझ्याकडे दिला होतास ना, रोजची हजेरी चुकू नये म्हणून? 'फुकटचे मणी गोळा करा, बाकी कशाला हात लावू नका.'"

"मग?"

"लावला. चुकीचं बटण दाबलं, तू साठवलेले सगळे मणी एका झटक्यात उडाले. बदल्यात आले काय, तर भालेवाले. सगळे भालेवाले! तू तिथे नळ्या लावून पडलेली. मला दरदरून घाम फुटला. कोपऱ्यावरच्या दुकानातून मणी विकत घ्यायचं कार्ड आणायला गेलो."

"कार्ड?"

"तर ती काउंटरवरची पोरगी कार्ड देईना! 'आजोबा, फोनवर कोणी सांगितलंय का हे घ्यायला?' मी म्हटलं नाही. 'कोणी घाबरवलंय का?' म्हटलं, हो, बायको. तिने सरळ चौकीतून पोलीस बोलावला."

"पोलीस!"

"तो बिचारा समजावतोय, हल्ली म्हाताऱ्यांना असंच फसवतात, सुटका करून देतो. सगळ्या रांगेसमोर सांगावं लागलं, की बायकोचे भालेवाले झालेत. शेवटी तो घरापर्यंत आला, फोन बघितला, आणि मणी कसे भरायचे ते त्यानेच दाखवलं."

ॲप-स्टोअरच्या खात्यातला खरेदीचा जुना हिशेब मियोकोने कधी उघडलाच नव्हता; रिकाम्या खोलीत कोण डोकावतं? आता उघडला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापाशी एकच नोंद होती.

तिने तपशील पाठवला. तेइजीने करपलेलं तिच्या ताटातून काढून स्वतःच्या ताटात घेतलं.

आठवडा संपायच्या आत माळावरचा तंबू गेला आणि गड उभा राहिला. बुरूज, पर्सिमनची झाडं, सगळं जागच्या जागी. ओबोरो तटावर धनुष्य टेकून उभी. मियोकोने सुस्कारा सोडला, आणि तो अर्ध्यातच अडकला.

"अहो."

"हं?"

"ही ओबोरो. मी घरी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, फुकटच्या मण्यांत आली."

तेइजी संत्रं सोलत राहिला. साल अखंड निघावी म्हणून फार काळजी घेत होता.

"फुकटच्या मण्यांत भालेवाले आले होते," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं, मग ओबोरोकडे. इतकी वर्षं हानाओकाला ऐकवलं होतं, धीर धरला की येते, पैशाने येत नाही. अख्ख्या कारखान्यात ऐकवलं होतं. मनातल्या मनात मेलेल्या बापालाही.

"एका कार्डात?" तिने फोन त्याच्यासमोर धरला. "हानाओकाची सहल गेली, आणि तुम्हाला एका कार्डात?"

"पोलीस तर टाळ्या वाजवायला लागला."

मियोकोने नावाखालची ओळ उघडली, अंगठ्याने मागे मागे पुसत नेली आणि नवी लिहिली. तेइजी चष्मा चढवून खांद्यावरून डोकावला.

'एक येनही न घालता. नवऱ्याने एकदा घातले.'

"पोलीस राहिला," तो म्हणाला.

"तोंड बंद ठेवा," मियोको म्हणाली, आणि संत्र्याची अर्धी फोड त्याच्या हातातून ओढून घेतली. उद्या टेबलावर हे हानाओकाला कोणत्या तोंडाने सांगायचं, तेच तिला सुचत नव्हतं.