आकडा नाचतोय, मॅडम

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. टाकीच्या तळाशी गाळ साचावा तसे ते आपोआप साचतात. कारण आम्ही जे काढायला जातो ते दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. आणि जे दिसत नाही त्याबद्दल आमच्या नाशकात प्रत्येकाला सगळं माहीत असतं.

मी आणि माझा सहकारी निकम अंबडमधल्या एका छोट्या कंपनीतून फिरतो. काम एकच, यंत्रांमधला नॉइज काढणं. मोटारीचा वेग कमीजास्त करायला ड्राइव्ह नावाचा डबा असतो. तो वीज इतक्या झपाट्याने चालू-बंद करतो की त्याची घाण शेजारच्या वायरींवर चढते; तिलाच आम्ही नॉइज म्हणतो. सेन्सरचा सिग्नल मुळात नाजूक, त्यात ही घाण मिसळली की वजन म्हणू नका, तापमान म्हणू नका, स्क्रीनवरचे आकडे नाचायला लागतात. उपाय साधे आहेत. फिल्टर लावा, जाळीची वायर टाका, अर्थिंग नीट करा. पण साधं काम साधेपणाने केलं तर माणूस मालक कसला?

*

सातपूरच्या एका मॅनेजरला मी फोनवर सांगितलं होतं, "तुमच्या पॅनेलमध्ये नॉइज फार आहे, तो कमी करावा लागेल."

आम्ही पोचलो तेव्हा त्याने आधीच कमी केला होता. पॅनेलच्या आत चारी बाजूंनी जाड फोम चिकटवलेला, रेकॉर्डिंगच्या खोलीत असतो तसला. हवा जायच्या फटीसुद्धा सोडल्या नव्हत्या.

"कान लावून बघा," तो म्हणाला. "चिडीचूप."

आत ड्राइव्ह तापून बंद पडला होता. निकमने खरंच कान लावला, दार हळूच मिटलं आणि म्हणाला, "नॉइज गेला, साहेब. मशीनपण गेलं."

*

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याकडे प्रतवारीचा पट्टा सुरू झाला की शेजारचा वजनकाटा उड्या मारायचा. शेतकरी भांडायला उठायचे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. आम्ही तांब्याची जाळी गुंडाळलेली वायर दिली आणि सांगितलं, तुमच्या वायरमनकडून टाकून घ्या. हा वायरमन स्वतःची ओळख 'इलेक्ट्रिकल कन्सल्टंट' अशी करून द्यायचा.

पुन्हा तक्रार आली. जाऊन बघतो तर वायर नागडी.

"हाई काय शे?" निकम सटाण्याचा. डोकं फिरलं की तो थेट अहिराणीत शिरतो.

"वरची जाळी काढली," कन्सल्टंट म्हणाले. "पाइपात गुंतत होती. सोलायला लय त्रास झाला."

"मग ती जाळी कुठंय?" मी विचारलं.

"घरी दिली, मॅडम. भांडी लय चांगली निघतात."

*

एका पॅकहाउसचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. तिथल्या मालकाला अर्थिंगचं महत्त्व मी अगदी घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं होतं. वायर जमिनीत खोल गेली पाहिजे, तिथली माती ओली राहिली पाहिजे, नाहीतर नॉइज जायला वाटच उरत नाही. त्यांनी मान डोलावली. लिहूनही घेतलं.

पुढच्या खेपेला गेले तर हिरवी वायर पॅनेलमधून निघून, खिडकीतून गॅलरीत जाऊन, तुळशीच्या कुंडीत खोचलेली.

मी बघतच राहिले. त्यांना वाटलं, मी खूश झाले.

"रोज पाणी घालतो," ते म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं ना."

*

गंगापूर रोडच्या एका उद्योजकाकडे आम्ही फिल्टर पाठवला. तो बसवायच्या आधी त्यांनी वास्तुवाल्याला बोलावलं. वास्तुवाला म्हणाला, पॅनेल आग्नेयेला हलवा. हलवलं. त्यात मोटारीच्या जाड केबल आणि सेन्सरची वायर, ज्या इतकी वर्षं एकमेकींना चिकटून पडल्या होत्या, त्या लांब झाल्या. आकडे थांबले.

मी त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं शास्त्र असेलही बरोबर," ते म्हणाले, "पण तुमच्यात दिशेचा विचार नाही."

फिल्टर परत आला. खोक्यात प्रसादाचा नारळ होता.

*

पिंपळगावचे आप्पा मात्र भला माणूस. स्वतःचं कोल्ड स्टोरेज, आत परदेशी जाणारी द्राक्षं. तापमान शून्य ते एक डिग्री ठेवायचं. पण नॉइजमुळे आकडा मधूनच सात दाखवायचा, भोंगा वाजायचा आणि सगळे धावत सुटायचे. आम्ही सांगितलं, सेन्सरची वायर बदलू आणि फिल्टर लावू. आप्पा तयार होते. तेवढ्यात पुण्याहून जावईबापू आले. ते सॉफ्टवेअरमध्ये.

"हार्डवेअरला हात लावायची गरजच नाही," जावईबापू म्हणाले. लॅपटॉप जोडला आणि कंट्रोलरला शिकवून ठेवलं की शून्य ते एकच्या बाहेरचा आकडा आला तर तो नॉइज समजायचा, सोडून द्यायचा, आणि आधीचाच आकडा दाखवत राहायचा.

मी म्हटलं, "अहो, आणि तापमान खरंच वाढलं तर?"

"मॅडम, तुम्ही फार जुन्या पद्धतीने विचार करता."

आकडा शांत झाला. भोंगाही शांत झाला, कारण तो त्याच आकड्यावर वाजायचा. आप्पांनी घरात पुरणपोळी करायला लावली.

मग एक दिवस कंप्रेसर बंद पडला. आतले पंखे फिरत होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. चौथ्या दिवशी कंटेनर आला, माल भरायला पहिल्यांदाच दार उघडलं आणि आतून उबदार, आंबूस हवा अंगावर आली. आप्पांनी आम्हाला बोलावलं. आम्ही गेलो तेव्हा ते एका उघड्या पेटीशी उभे होते. हातातल्या घडाचे देठ तपकिरी पडलेले, मणी नुसत्या बोटाने दबत होते.

पुण्याहून आलेले जावईबापू स्क्रीनपाशी होते. "सिस्टीममध्ये काही प्रॉब्लेम नाही," ते म्हणाले. "बघा ना, एक डिग्री. चार दिवस आकडा हललेला नाही."

आप्पांनी घड पेटीत ठेवला. जावयाला वाकडं बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. त्यांनी धोतराला हात पुसले आणि दारातल्या बायकोकडे वळले.

"जावईबापूंना स्वेटर आणून दे," ते म्हणाले. "आत लय थंडी हाय."